पास

“बाई पास झालीय,” पासवाले म्हणाले, “इथपर्यंत तर काही प्रश्नच नाही.”

काकू मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कसली परीक्षा?”

“ते दिलेलं नाही. इंग्रजीच्या वर्गातल्या मॅडम म्हणतात, अमेरिकन गोष्टीत सगळं देत नसतात. निम्मं आपण ओळखायचं.”

“मग लिहिणाऱ्यानं काय केलं?”

पासवाल्यांनी चष्मा पुसला आणि गोष्टीचे झेरॉक्स कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेले. पानाच्या कडांवर त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत अर्थ लिहिले होते. एकेका शब्दावर तीन-तीन अर्थ चढून बसले होते आणि मूळ गोष्ट त्यांच्याखाली दबून गेली होती.

“हे बघ. ‘हिज वाइफ हॅड पास्ड इन द फॉल.’ फॉल म्हणजे पडणं. डिक्शनरीत पहिलाच अर्थ आहे. म्हणजे पडता पडता पास झाली. आपण काठावर म्हणतो ना, तसं.”

“काठावर का होईना, झाली ना,” काकू म्हणाल्या. एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली. “मग नवरा एवढा तोंड पाडून का बसलाय?”

“ती नोकरीला शहरात गेली असणार. तो एकटाच आहे शेतावर. कुंपण दुरुस्त करतो, घरी येतो, स्वतःचे बूट पुसून दाराशी ठेवतो. तिचे बूट तिथंच आहेत, पण त्यांना हात लावत नाही. मग एक नवा शेजारी शिडी मागायला येतो आणि विचारतो, बायको घरी आहे का? हा म्हणतो, आत आहे.”

“म्हणजे खोटं बोलतो?”

“हो.”

“का?”

“ते ओळखायचंय.”

काकूंनी थोडा विचार केला. “बायको नोकरी करते हे सांगायची लाज वाटत असेल मेल्याला,” त्या म्हणाल्या. “येईल हो ती. बूट ठेवून गेलीय म्हणजे येणार.”

हे पासवाल्यांना एकदम पटलं. त्यांनी कागदाच्या तळाशी लिहून ठेवलं: बूट आहेत, म्हणजे येणार.

त्यांना पासवाले म्हणायचं कारण साधं होतं. उभी हयात त्यांनी बस डेपोच्या पास खिडकीत काढली. विद्यार्थ्यांचे पास, नोकरदारांचे पास, म्हाताऱ्यांचे सवलतीचे पास. खिडकीला इतकंच भोक होतं की आतल्या माणसाला बाहेरच्याचे फक्त हात आणि शर्टाची बटणं दिसत. फोटोला डिंक लावायचा, कार्डावर दाबायचा आणि गोल शिक्का असा मारायचा की अर्धा फोटोवर यावा, अर्धा कार्डावर. शिक्का पूर्ण कार्डावर पडला तर फोटो बदलता येतो. पासवाल्यांचा शिक्का कधी सरकला नाही, आणि याचा त्यांना जरा गर्वच होता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात नेमका त्याचा उल्लेख केला नाही, तेव्हा ते घरी येऊन जेवले नव्हते.

अशा माणसानं या वयात इंग्रजीच्या वर्गाला जावं, याचं आसपासच्यांना नवल वाटे. कुणी म्हणे, काका आता परदेशी निघाले वाटतं. कुणी म्हणे, घरात काकूंची कटकट नको म्हणून. पासवाले हसून सोडून देत. खरं कारण ते कुणाला सांगत नसत. त्यांना जावयाला एक प्रश्न विचारायचा होता.

त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत गेली, तिकडच्याच मुलाशी तिनं लग्न केलं. जावई एकदाच येऊन गेला होता. पाय इतके लांब की यांच्या टेबलाखाली मावेनात. बिचारा तिरका बसून जेवला. भाषा येत नव्हती, पण जाताना त्यानं पासवाल्यांना “पपा” म्हणून अशी कडकडून मिठी मारली की त्यांच्या खिशातलं पेन मोडलं. ते मोडकं पेन त्यांनी बरेच दिवस टाकलं नाही.

मुलगी तिकडे एका मोठ्या परीक्षेच्या मागे होती. इथलं तिचं शिक्षण तिकडे धरत नव्हते. ती परीक्षा दिली की मग दवाखान्यात पक्की नोकरी. दर रविवारच्या फोनवर तोच विषय. “आई, वाचून वाचून डोळे गेले माझे.” “बाबा, या वेळी नाही झाले तर मी सरळ तुमच्या खिडकीत येऊन बसेन, शिक्के मारीन.” परीक्षा झाली. निकाल लागायचा होता.

आणि एक दिवस पासवाले खिडकीत असताना फोन आला. नंबर तिकडचा होता. मुलगी कामाच्या वेळी कधी फोन करत नसे, म्हणून त्यांनी रांगेला हातानंच थांबवलं आणि फोन घेतला. जावई होता. तो काहीतरी पुष्कळ बोलला, त्यातलं पासवाल्यांना काही कळलं नाही. मग तो थांबला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “पपा. शी पास्ड. धिस मॉर्निंग. शी पास्ड.”

आता हा एक शब्द तरी पासवाल्यांना कुणी शिकवायला नको होता. त्यांनी उभं राहून सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, “पास झाली! माझी पोरगी पास झाली!” ऑफिसातल्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीबाहेरच्या रांगेनंसुद्धा वाजवल्या. रांगेला काय, वेळ जायला काहीतरी हवंच असतं. कॅशियर ओरडला, “पासवाल्याची पोरगी नापास कशी होईल!” आणि मोठा हशा पिकला. फोन चालूच होता. पासवाल्यांना जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं सगळं त्यांनी त्या फोनमध्ये ओतलं. “व्हेरी गुड! व्हेरी गुड! आय ॲम व्हेरी हॅपी! पार्टी!” पलीकडे जावई रडत होता. बायको पास झाली म्हणून कुणी एवढं रडतं का, असं त्यांच्या मनात आलं, आणि पोरगा भला आहे असंही आलं. मग फोन कट झाला. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या तिकडच्या मैत्रिणीचा फोन आला. ती आपल्यातली होती. “काका, ती गेली हो. अचानक गेली काल,” एवढं बोलून ती हुंदके देऊ लागली. मग म्हणाली, “त्यानं केला होता ना तुम्हाला फोन?” पासवाले म्हणाले, “हो, केला होता.” त्यांना वाटलं, ती निकालाचंच विचारतेय. कधी, कशी, ते तिला सांगवलं नाही.

यांच्याकडे पासपोर्ट नव्हते. जाणं झालं नाही. मुलीला त्यांनी शेवटचं पाहिलं नाही.

पण माणूस कशाला तरी धरून राहतो. हे दोघं त्या फोनला धरून राहिले. सकाळी पास झाली, मग गेली. कुणी भेटायला आलं की काकू डोळे पुसत म्हणत, “पास होऊन गेली हो पोर. तेवढं तरी देवानं दाखवलं तिला.” लोक माना हलवत. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या काकूंनी हळूहळू तो सबंध दिवस उभा केला होता. निकाल कळल्यावर ती खुर्चीवर चढून नाचली असणार. लहानपणी पहिली आली की तशीच नाचायची. मग नवऱ्याला म्हणाली असणार, आधी तू कर फोन, बाबांची गंमत करू, मी संध्याकाळी सावकाश बोलते. तिनं हिरवा ड्रेस घातला असणार. दिवसभर हसत असणार. आणि मग जे झालं ते झालं. पासवाले ऐकत पडून राहत. कधी स्वतःही भर घालत. एकदा म्हणाले, “मैत्रिणींना आइस्क्रीम दिलं असेल.” काकू म्हणाल्या, “दिलंच असणार.”

काकूंना फक्त एक रुखरुख होती. “मार्क किती पडले ते विचारायचं सुचलं नाही तुम्हाला,” असं त्या अधूनमधून म्हणत. पासवाल्यांना खरंच सुचलं नव्हतं.

जावयाचा त्यानंतर फोन आला नाही. पासवाल्यांनी दोनतीनदा केला, त्यानं उचलला नाही. पासवाल्यांनी राग धरला नाही. काय बोलणार तो? आपल्याला त्याचं कळत नाही, त्याला आपलं. त्यात त्याचा काय दोष? दोष भाषेचा. म्हणून नोकरी संपल्यावर त्यांनी वाचनालयाच्या माडीवर दुपारी चालणाऱ्या वर्गात नाव घातलं. त्यांना फार काही नको होतं. फक्त त्या दिवसाबद्दल विचारायचं होतं. ती नाचली का, हसली का, काय म्हणाली. बरेच दिवस खपून त्यांनी एक वाक्य तयार केलं आणि वर्ग सुटल्यावर मॅडमना दाखवलं. ‘व्हेन शी पास्ड, वॉज शी हॅपी?’

मॅडम तरुण होत्या, मुलीपेक्षाही लहान. त्यांनी वाक्य वाचलं. “कोण, काका?”

“मुलगी माझी.”

मॅडम काही क्षण कागदाकडेच बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, “व्याकरण बरोबर आहे, काका. अगदी बरोबर.” आणि त्यांनी पासवाल्यांच्या हातावर हात ठेवला. एका वाक्याचं व्याकरण बरोबर आलं म्हणून एवढं कौतुक! पासवाले त्या दिवशी जिन्यावरून तरुणासारखे उतरले.

वर्गात जेमतेम डझनभर लोक होते. पार्लर चालवणारी एक मुलगी, जेवणाचे डबे घरोघर पोचवणारा एक पोरगा, एक सिक्युरिटी गार्ड, आणखी काही जण. सगळ्यांना इंग्रजी कशासाठी ना कशासाठी हवं होतं आणि ती अमेरिकन गोष्ट कुणालाच नको होती.

“यात काही घडतच नाही, मॅडम,” डबेवाला म्हणाला. “चार पानं तो कुंपण ठोकतोय. पाचव्या पानावर शिडी. संपलं.”

“आणि शेवटी बूट काढतो,” पार्लरवाली म्हणाली.

“हां, बूट. बुटाची गोष्ट आहे ही. चपलेच्या दुकानात ठेवली पाहिजे.”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. “बरं,” त्या म्हणाल्या, “आज कुणीतरी पूर्ण गोष्ट आपल्या भाषेत सांगा. काय समजली ते. कोण सांगतं?”

पासवाल्यांनी हात वर केला. त्यांनी आदल्या दिवशी काकूंपुढे रंगीत तालीमच केली होती. ते उभे राहिले, कागद उघडले, पण कागदाकडे न बघता बोलू लागले.

“एक शेतकरी आहे. म्हणजे जमीन आहे, कुंपण आहे, खाऊन-पिऊन बरा आहे. त्याची बायको परीक्षेला बसलेली होती. ती पास झाली. काठावर, पण पास झाली. आणि मग नोकरीसाठी शहरात—”

पार्लरवालीला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला. डबेवाला मागून म्हणाला, “काका, काठावर कुठून काढलंत?”

“पास्ड इन द फॉल,” पासवाले शांतपणे म्हणाले. “पडता पडता.”

आता सगळा वर्गच हसला. तसं ते हसणं दुष्ट नव्हतं. हे सगळे चुका करतच इथवर आलेले होते आणि दुसऱ्याची चूक निघाली की प्रत्येकाला जरा बरं वाटायचं. पासवालेही हसले. “चुकलं का?” त्यांनी विचारलं. “मग कशात पास झाली?”

“काका, फॉल म्हणजे तिकडे पानगळीचे दिवस,” मॅडम म्हणाल्या. “शरद ऋतू.”

“असं होय. म्हणजे परीक्षा पानगळीत झाली.”

“परीक्षा नाही हो,” पार्लरवाली हसत हसतच म्हणाली, “मेली ती. बायको मेलीय त्याची. पास्ड म्हणजे मेली. सिरियलमध्ये नेहमी म्हणतात.”

मॅडमचं हसू एकाएकी मावळलं. त्यांना ते वाक्य आठवलं असावं. त्यांनी पासवाल्यांकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाल्या, “आपण पुढचा परिच्छेद घेऊ या. काका, बसा तुम्ही.”

पासवाले बसले नाहीत.

“मॅडम, पास्ड म्हणजे मेली?”

“म्हणजे… तिकडे ‘मेली’ असं सरळ म्हणायला लोक कचरतात. म्हणून.”

“सगळेच?”

“पुष्कळ जण.”

“मग परीक्षेला काय म्हणतात?”

“तेच म्हणतात, काका. पण परीक्षा जोडून म्हणतात. शी पास्ड द एक्झाम. असं.”

“आणि नुसतंच म्हटलं तर? परीक्षा न जोडता. नुसतंच, शी पास्ड धिस मॉर्निंग?”

काय चाललंय ते वर्गात कुणाला कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं. मॅडम खडू बोटांत फिरवत राहिल्या.

“नुसतंच म्हटलं तर,” त्या शेवटी म्हणाल्या, “आज सकाळी गेली.”

पासवाल्यांनी मान हलवली. त्यांनी झेरॉक्स कागद नीट जुळवले, चार घड्या घालून खिशात ठेवले, “थँक यू, मॅडम” म्हणाले आणि वर्गाबाहेर पडले. मॅडम दारापर्यंत मागे आल्या. “काका,” म्हणाल्या. पासवाले तोवर जिना उतरू लागले होते.

आपल्याकडे माणूस जातो, वारतो, खपतो, ऑफ होतो. एक्स्पायर होतो. हे शब्द पासवाल्यांना माहीत होते. पासही एक्स्पायर होतो. जन्मभर त्यांनी रांगेतल्या लोकांना तेच सांगितलं होतं. पण एक्स्पायर झालेला माणूस पास होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते चालत डेपोपर्यंत आले. पाय सवयीनं तिकडेच वळले होते. पास खिडकी आता बंद होती. पास मोबाईलवर निघत. खिडकीला आतून पुठ्ठा लावला होता. समोरच्या बाकावर ते बसले. एक बस आली, भरली, गेली. त्यांना त्या टाळ्या ऐकू येत होत्या. सगळ्या ऑफिसच्या आणि रांगेच्या टाळ्या, कॅशियरचं ते ओरडणं, तो हशा. आणि या सगळ्याच्या पलीकडे, फोन कानाला लावून, नुकती बायको गमावलेला एक पोरगा. त्यानं तिच्या बापाला पहिला फोन केला. आणि बाप म्हणाला, व्हेरी गुड. बाप म्हणाला, पार्टी.

पासवाल्यांनी बाकाची कड घट्ट धरली. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “बरं वाटत नाही का? पाणी देऊ?” त्यांनी नको म्हणून हात हलवला.

मग त्यांनी फोन काढला आणि जावयाचा नंबर लावला. पुष्कळ वेळ वाजला. ते ठेवणार इतक्यात कुणीतरी उचलला. आवाज झोपेतला होता.

“हॅलो?”

“पपा,” पासवाले म्हणाले. मग त्यांना वाटलं, हे तर कुणीही म्हणू शकतं. “आय ॲम पपा. हर पपा.”

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

“आय डिड नॉट नो,” पासवाले म्हणाले. इतक्या महिन्यांचा वर्ग, घोटलेली क्रियापदं, सगळी कुठल्या कुठे गेली होती. “यू सेड, शी पास्ड. आय थॉट, एक्झाम. हर एक्झाम. पास. वी क्लॅप फॉर एक्झाम. टुडे आय लर्न. टुडे.”

“व्हॉट?” जावई म्हणाला. आणि मग, अगदी हळू, “ओ, माय गॉड.”

त्यानंतर तो बोलला ते पासवाल्यांना जवळजवळ सगळं कळलं. वर्गाचा एवढा उपयोग झाला होता. तो म्हणाला, मला वाटलं तुम्ही माझ्यावर सूड घेताय, तिला इतक्या लांब आणलं म्हणून. मग वाटलं, दुःखानं तुमचं डोकं फिरलंय. त्या टाळ्या मला अजून झोपेत ऐकू येतात. मग म्हणाला, “इट्स ओके, पपा. इट्स ओके.” पण ते ओके नव्हतं, हे कळायला इंग्रजी यावं लागत नव्हतं.

“हाऊ?” पासवाल्यांनी विचारलं. “दॅट डे. हाऊ?”

“इन हर स्लीप,” जावई म्हणाला. “शी नेव्हर वोक अप.”

झोपेत. ती उठलीच नव्हती. मग तो हिरवा ड्रेस नव्हता, खुर्चीवर नाचणं नव्हतं, आइस्क्रीम नव्हतं. तिच्यासाठी तो दिवस उजाडलाच नव्हता. तो फक्त या दोघांच्या घरात, अंधारात, अंथरुणावर होता.

“एक्झाम,” पासवाले म्हणाले. “शी पास एक्झाम?”

पलीकडून एका बाईचा आवाज आला, कुणीतरी झोपेत काहीतरी विचारत होतं, आणि जावई फोनवर हात ठेवून तिला काही म्हणाला. मग परत आला.

“आय डोन्ट नो, पपा. आय ॲम सो सॉरी. आय नेव्हर चेक्ड.”

ते वाक्य अजून पासवाल्यांच्या जिभेवर होतं. व्हेन शी पास्ड, वॉज शी हॅपी? व्याकरण बरोबर होतं, मॅडम म्हणाल्या होत्या. अगदी बरोबर. त्यांनी ते विचारलं नाही. “स्लीप,” ते म्हणाले, “यू स्लीप नाऊ,” आणि फोन ठेवला.

बाकावर ते बराच वेळ बसून राहिले. रडू येईल म्हणून वाट पाहिली, पण आलं नाही. मुलगी गेली तेव्हा ते रडले होते; तेव्हा रडताना कुठंतरी धरायला जागा होती. आज ती जागाच कुणीतरी काढून घेतली होती, आणि ती घेणारा दुसरा कुणी नव्हता, एक शब्द होता. त्यांना त्या परक्या भाषेचा संताप आला. मेलेल्याला मेला म्हणायला काय धाड भरते? मग संतापही ओसरला. घरी जायला हवं होतं. काकू वाट बघत असणार.

काकू दारातच होत्या. “एवढा उशीर? अहो, चेहरा किती उतरलाय तुमचा. मॅडम रागावल्या की काय?”

“नाही गं. फोन केला मी. त्याला.”

काकूंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “उचलला?”

“उचलला.”

“आणि बोललात? इंग्रजीत? त्याला कळलं?”

“कळलं.”

काकू खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर एवढी आस पाहिल्याचं पासवाल्यांना आठवेना. ही बाई रोज रात्री अंधारात मुलीला हिरवा ड्रेस घालत होती. पासवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं, आणि ते सांगून टाकलं असतं तर निदान ते दोघांत वाटलं गेलं असतं.

“मार्क विचारलेत का?” काकू म्हणाल्या. “की याही वेळी विसरलात?”

“विचारले.”

“मग?”

पासवाल्यांनी खिशावर हात ठेवला. आत गोष्टीचे कागद होते. तो शेतकरी खोटं का बोलला, ते मॅडमनी ओळखायला सांगितलं होतं.

“फर्स्ट क्लास,” ते म्हणाले.

काकूंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मग डोळे पुसले, मग हसल्या, मग परत पुसले. “मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या. “काठावरची नव्हतीच ती. आणि खूश होती का हो? विचारलंत ना ते?”

“हो. खूप खूश होती म्हणाला. सबंध दिवस.”

“नाचली असेल.”

“नाचली म्हणे. खुर्चीवर चढून.”

“बघा! मी म्हणत नव्हते?” काकू उठल्या. बहिणीला फोन करून सांगितलंच पाहिजे म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येऊ लागला. “अगं, फर्स्ट क्लास! हो ना. आज कळलं. हे स्वतः बोलले त्याच्याशी, इंग्रजीत.”

पासवाल्यांनी वाकून बूट काढले आणि दाराशी ठेवले. आपण इथं किती वेळ बसून आहोत ते त्यांना कळलं नाही. काकू चहाला आधण ठेवायला बाहेर आल्या, तेव्हा त्यांना एकदम आठवलं.

“आणि ती गोष्टीतली बाई? आली का परत?”

“आली,” पासवाले म्हणाले.

“बरं झालं,” काकू म्हणाल्या, आणि साखरेचा डबा शोधू लागल्या.